शत्रूला काय वाटेल

त्या रविवारी दुपारी ताई बाहेरच्या खोलीतून निघाली, चपला घातल्या आणि कारखान्यात कामावर गेली. कल्याणचे पाहुणे तेव्हा आमच्याकडे आलेले होते. युद्ध सुरू होऊन नऊ दिवस झाले होते. ताईचं लग्न ठरलं होतं. ते त्या दुपारी मोडलं.

एवढं लिहायला मला तीन दिवस लागले. कॉलेजच्या ग्रंथालयात जन्मभर नोकरी केली, दुसऱ्यांची पुस्तकं कपाटात लावण्यात हात बसला, पण स्वतःचं एक वाक्य लावायचं म्हटलं की दुपार जाते. शिवाय ताई असती तर हे लिहून झालंच नसतं. तिने पेन्सिल घेऊन समासात ‘असं नव्हतं’ लिहिलं असतं, आणि बहुतेक तिचंच बरोबर निघालं असतं. तिला सरळ रेघेचं वेड होतं. मला नाही. तेव्हा वाचणाऱ्याने जरा सांभाळून घ्यावं.

आम्ही अंबरनाथला कारखान्याच्या वसाहतीत राहत होतो. कारखाना संरक्षण खात्याचा, त्यामुळे आत काय तयार होतं ते कुणी बोलायचं नाही आणि ते सगळ्यांना माहीत असायचं. आमचं क्वार्टर म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे आईचा कढीपत्ता आणि अळू, आणि पुढच्या खोलीत कारखान्याने दिलेलं एक सागवानी टेबल, इतकं मोठं की ते आधी ठेवून मग भोवती भिंती बांधल्या असाव्यात. वसाहतीचा दिवस भोंग्यावर चालायचा. पहिल्या भोंग्याला आई उठायची, दुसऱ्याला भाताचं पातेलं उतरायचं, दुपारच्या भोंग्याला शेजारच्या कुलकर्णीकाकूंचं तान्हं बाळ न चुकता झोपायचं. पाहुण्यांना तो आवाज छातीत बसल्यासारखा वाटे. आम्हाला ऐकूच येत नसे. सुट्टीच्या दिवशी तो वाजला नाही की मात्र आम्ही सगळे अस्वस्थ होऊन घड्याळाकडे बघायचो.

बाबा तपासणी विभागात अधिकारी होते. तयार झालेला एकेक भाग मोजायचा, आणि केसाच्या दहाव्या हिश्शाइतका फरक असला तरी लाल ठिपका लावून परत पाठवायचा, हे त्यांचं काम. मोठमोठे साहेब येऊन म्हणत, ‘अहो, एवढं चालतं,’ आणि बाबा म्हणत, ‘नाही चालत.’ कारखान्यात त्यांना सगळे वचकून असत, असं आम्ही ऐकून होतो. आम्हाला ते ऐकून फार आश्चर्य वाटायचं, कारण घरी भाजीवालीही त्यांना वचकत नसे. बारवीकडच्या पाड्यावरून वालाच्या शेंगा घेऊन येणारी एक म्हातारी तर बाबा दारात दिसले की टोपली खाली ठेवायच्या आधीच भाव वाढवायची.

बाबांचा एक सिद्धांत होता. शत्रू आपल्या तोफा मोजत नाही, तो आपला चेहरा वाचतो. समोरचा खरोखर उभा राहणार आहे असं त्याला वाटलं, तर तो दहा वेळा विचार करतो. आणि समोरचा बसका आहे असं वाटलं, तर तो एक पाऊल पुढे टाकून बघतो. त्या पावलाला काही झालं नाही की दुसरं टाकतो. मागे एकदा उत्तरेकडे आपण मार खाल्ला तो बंदुका कमी होत्या म्हणून नव्हे, तर त्याआधी कितीतरी वर्षं आपण हसून चहा पाजत होतो म्हणून, असं बाबांचं ठाम मत होतं. युद्ध सुरू झालं तेव्हा वसाहतीच्या हॉलमध्ये त्यांनी यावर भाषण केलं. टाळ्या पडल्या. तेव्हापासून सिद्धांत घरात राहायलाच आला.

शत्रूचं नाव बाबा घेत नसत. फक्त ‘तो’ म्हणत. केरोसिनच्या रांगेत बायका भांडल्या की, ‘त्याला काय वाटेल?’ कुणी भीतीने गावाकडे पोरं पाठवली की, ‘त्याला काय वाटेल?’ एका सकाळी आईने दारात रांगोळी काढली नाही, तर बाबा दात घासता घासता बाहेर येऊन म्हणाले, ‘अगं, रांगोळी नाही? त्याला वाटेल, घाबरले.’

आई म्हणाली, ‘त्याला आपल्या दारातली रांगोळी दिसते ना? मग जरा विचारा, केरोसिन कुठे मिळतंय तेही दिसतं का.’

इतर घरांत लोक काय म्हणतील याची काळजी असते. आमच्याकडे त्या हिवाळ्यात शत्रूला काय वाटेल याची होती, आणि मला ती फार भारदस्त वाटायची. मी चौदा वर्षांची होते आणि दिवसभर वाचत असे. वाचणाऱ्या मुलीला सिद्धांत लवकर चावतो.

संध्याकाळी ब्लॅकआउट असायचा. काचांना काळा कागद, दाराच्या फटीत पोतं, आत कंदिलाची वात अगदी बारीक. बाबा विजेरीला निळा कागद गुंडाळून आपल्या ओळीतल्या घरांवरून फेरी मारायचे आणि कुठे तिरीप दिसली की ओरडायचे, ‘उजेड दिसतोय!’ एकदा अंधारातून कुलकर्णीकाकांचा आवाज आला, ‘साहेब, सगळ्या वसाहतीत एकच उजेड दिसतोय. तो तुमच्या हातात आहे.’ सगळी ओळ हसली. बाबाही हसले, पण घरी येऊन म्हणाले, ‘हसण्याचा आवाज लांबवर गेला ते बरं झालं. त्याला कळू दे, आपण हसतोय.’

मध्यंतरी इथे बदलापूरला आमच्या सोसायटीत पुन्हा दिवे घालवण्याची तालीम झाली. ग्रुपवर मेसेज आले, शत्रूला धडा शिकवा, आठ वाजता लाइट बंद करा. आठ वाजता सगळ्या गॅलऱ्यांमध्ये माणसं उभी राहिली आणि अंधाराचे फोटो काढण्यासाठी प्रत्येकाने मोबाइल वर धरला. मला बाबांची फार आठवण आली.

आता ताई. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ती ट्रेसर होती. मूळ नकाशावर मेणचट पारदर्शक कापड ताणून बसवायचं आणि खालची प्रत्येक रेघ काळ्या शाईने वर उतरवायची. एक रेघ चुकली तर ब्लेडने खरवडायची, दोन चुकल्या तर कापड फुकट. चार पुरुष आणि ती, असे पाच ट्रेसर. तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर शाईचा डाग असायचा, तो चिंचेने घासला तरी जात नसे. घरी ती फार बोलायची नाही. पण भाकरी थापतानाही तिची भाकरी कंपासने काढल्यासारखी गोल, आणि माझी भाकरी बघून म्हणायची, ‘हा कोणत्या देशाचा नकाशा?’

तिला बघायला कल्याणचा मुलगा आला होता. अरविंद त्याचं नाव, विमा कंपनीत नोकरी. त्याच्या वडिलांना सगळे भाऊसाहेब म्हणत. भाऊसाहेबांनी ताईला विचारलं, स्वयंपाक येतो का, गाणं येतं का, चष्मा लागणार आहे का. अरविंद गप्प बसून होता. मग त्याने एकच विचारलं, ‘त्या कापडावर शाई पसरत नाही का हो?’ ताई म्हणाली, ‘आधी खडूची पूड चोळून पुसून घ्यायची. मग नाही पसरत.’ ‘अच्छा,’ तो म्हणाला, आणि खरोखरच काहीतरी मोठं कळल्यासारखी मान हलवली. ते गेल्यावर ताई दोन दिवस हसत होती. ‘त्याचे कान बघितलेस का गं?’ म्हणायची आणि पुन्हा हसायची. मला वाटलं, तिला तो आवडला नाही. चौदा वर्षांच्या मुलीला पुस्तकातलं सगळं कळतं, एवढंच कळत नाही.

होकार आला आणि मग पोस्टकार्डं यायला लागली. पहिल्या कार्डात भाऊसाहेबांनी लिहिलं, कार्य कल्याणला व्हावं, आमची माणसं जास्त. बाबांनी वसाहतीचा हॉल सांगून ठेवला होता. ‘त्यात काय,’ बाबा म्हणाले, ‘इथे काय नि तिथे काय.’ दुसऱ्या कार्डात होतं, मुलीचं सुमन हे नाव बदलावं लागेल, कारण तिच्या एका होणाऱ्या नणंदेचं तेच नाव आहे आणि हाक मारताना घोटाळा होतो. ‘त्यात काय,’ बाबा म्हणाले, ‘सगळ्यांचीच बदलतात.’ ताई तेव्हा दिव्याची काच पुसत होती. ती म्हणाली, ‘नणंदेचं बदला म्हणावं,’ आणि काच पुसत राहिली.

आई म्हणाली, ‘अहो, हा माणूस दर कार्डाला एक पाऊल पुढे येतोय.’

‘अगं, ते व्याही आहेत. शत्रू नव्हेत.’

‘तेच म्हणतेय मी. शत्रू असते तर बरं झालं असतं. तुम्ही जरा नीट वागला असतात.’

रेडिओच्या बातम्या लागायला अजून पंधरा मिनिटं होती, तरी बाबांनी रेडिओ लावला.

लग्नाचं कापड घ्यायला आम्ही उल्हासनगरला, दोन नंबर कॅम्पात, खेमचंदभाईंच्या दुकानात गेलो. आईचं ते ठरलेलं दुकान. सिंधी रिवाजाप्रमाणे आधी भाजलेला पापड आणि पाणी, मग माल. आईचा घासाघीस करण्याचा प्रकार बघण्यासारखा असायचा. हवी असलेली साडी ती कधी हातात घेत नसे. नको असलेल्या चार उलगडायला लावायची, तिरप्या नजरेने पाचवी बघायची, आणि भाव ऐकून उठायची. त्या दिवशी ती उठली आणि खेमचंदभाईंनी लगेच हाक मारून भाव उतरवला. बाबांनी ते बघितलं आणि बाहेर पडायच्या आधी त्यांना राहवेना. ‘खेमचंदभाई, मी परवा एकटा आलो होतो, मीपण असाच उठलो होतो. मला का नाही बोलावलंत?’

खेमचंदभाई हसायला लागले. ‘साईं, बुरा मत मानना. गिऱ्हाईक उठतं ना, तेव्हा मी त्याचं तोंड बघत नाही. मुँह तो सब बनाते हैं. मैं पैर देखता हूँ. बाईचे पाय चपलेत गेले होते. तुमचे पाय, साईं, गादीवरच होते.’

आई इतकी हसली की तिला पुन्हा पाणी प्यावं लागलं. बाबांनी विषय बदलला. खेमचंदभाईंचं जन्मगाव सीमेपलीकडे राहिलेलं; तिथून ते तरुणपणी एका ट्रंकेसह आले होते, हे सगळ्यांना माहीत होतं. बाबांनी जरा आवाज खाली करून विचारलं, ‘तुम्हाला तिकडची माणसं माहीत. तुम्हाला काय वाटतं, तो घाबरला असेल?’

खेमचंदभाई साडीची घडी घालत होते. ती पुरी झाल्यावर म्हणाले, ‘साईं, वो भी आज अपने घर में बैठ के यही पूछ रहा होगा.’



आणि मग तो रविवार. पाहुणे दोनला येणार होते, याद्या करायला. म्हणजे देणंघेणं, मानपान, कोण कुठे बसणार, सगळं कागदावर उतरवायला. युद्धामुळे कारखाना रविवारीही चालू होता. ड्रॉइंग ऑफिसातल्या लोकांनी रविवारी यावं, हा आग्रह मुळात बाबांचाच. ‘एक खुर्ची रिकामी राहिली तर ती त्याला भेट,’ असं ते हॉलमधल्या भाषणात म्हणाले होते. आता त्यांनी ताईला हळूच सांगून बघितलं, आजच्या दिवस रजा घे. ताई म्हणाली, ‘तीन नकाशे आज द्यायचेत. साडेतीनच्या भोंग्याला मी निघेन.’ आईने सकाळपासून पोह्यांचा कांदा चिरला होता, रव्याचे लाडू वळले होते, चिवड्याच्या खोबऱ्याचा वास मागच्या अळवापर्यंत गेला होता.

पाहुणे तिघंच आले. भाऊसाहेब, त्यांच्या पत्नी आणि अरविंद. भाऊसाहेब कल्याणच्या त्यांच्या आळीतल्या नागरी संरक्षण समितीवर होते, आणि पहिला अर्धा तास त्यांनी ते आम्हाला समजावून सांगितलं. सायरन झाला की कसं जमिनीवर पडायचं, कानांत बोटं कशी घालायची, टेबल असेल तर त्याखाली कसं सरायचं, त्यांच्या आळीत कोणाला किती सेकंद लागतात. बाबांनी नम्रपणे ऐकलं. सायरन चढउताराचा असतो आणि पाळीचा भोंगा सरळ असतो, हे त्यांनी स्वतः वसाहतीला दहादा शिकवलेलं, पण पाहुण्यांना मध्येच तोडणं बरं दिसत नाही म्हणून तेवढं सांगायचं राहून गेलं.

याद्या होत आल्या. भाऊसाहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, ‘आता एकच. शेवटचं.’

‘शेवटचं’ हा शब्द त्यांनी दोन्ही कार्डांतही वापरला होता. आईने माझ्याकडे बघितलं.

‘नोकरी. लग्नानंतर नाही म्हणत मी, उद्यापासूनच. होणारी सून कारखान्यात चार पुरुषांच्या शेजारी बसून रेघा ओढते, आमच्याकडे बरं दिसत नाही. आणि त्यातून हे दिवस. बॉम्ब पडायचा तर पहिला इथेच पडणार.’

बाबा चहाच्या कपाकडे बघत होते. ज्या माणसाने साहेबांना ‘नाही चालत’ म्हणून परत पाठवलं होतं, तो माणूस माझ्यासमोर बसला होता, आणि मला खात्री होती की आता ते म्हणतील. ‘त्यात...’ बाबा म्हणाले, आणि थांबले. भाऊसाहेब हसरा चेहरा ठेवून वाट बघत राहिले. ‘त्यात काय,’ बाबा शेवटी म्हणाले. ‘देईल ती राजीनामा.’

ताई स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ती म्हणाली, ‘बाबा, मी राजीनामा देणार नाही.’

मग भाऊसाहेब मोठ्याने हसले. ‘वय आहे. आमच्याकडे आली की होईल सवय.’

‘सवय मला नोकरीची झालीय,’ ताई म्हणाली. ‘आणि नावाचीसुद्धा.’

भाऊसाहेब काहीतरी उत्तर देणार होते. त्यांनी बोट वर केलं होतं. तेवढ्यात साडेतीनचा भोंगा झाला.

पुढचं सगळं फार तर दहा सेकंदांत घडलं, आणि भाऊसाहेबांची आळी खरोखर तयारीची होती, हे मला मान्य करावं लागेल. ते एका हाताने पत्नीला आणि दुसऱ्या हाताने अरविंदला ओढत सरळ टेबलाखाली गेले. त्यांच्या पत्नीने हातातली चिवड्याची बशी सोडली नाही. त्या बशीसकट गेल्या. आम्ही आपापल्या जागी होतो. आम्हाला भोंगा ऐकूच येत नसे, त्यामुळे पाहुणे अचानक जमिनीवर का गेले हेच क्षणभर कळेना. आणि मग बाबा खुर्चीवरून उठले, धोतर सावरलं, आणि तेही वाकून टेबलाखाली गेले.

‘अहो!’ आई म्हणाली. ‘तुम्ही कुठे?’

‘पाहुणे आहेत,’ खालून बाबांचा आवाज आला. ‘त्यांना एकटं वाटायला नको.’

ताईने ट्रे टेबलावर ठेवला, त्या सगळ्यांच्या डोक्यावर. एकही कप वाजला नाही. ‘हा पाळीचा भोंगा आहे,’ ती म्हणाली. ‘मला जायला हवं.’ पण सरळ सुरातला तो भोंगा अजून वाजत होता, आणि भाऊसाहेबांनी कानांत बोटं घातली होती, शिकवल्याप्रमाणे. टेबलाखालच्या चौघांना तिचे फक्त पाय दिसले असणार. ते दारापर्यंत गेले, चपलेत शिरले, उंबरा ओलांडून गेले.

भोंगा थांबल्यावर ते बाहेर आले. बाबांनी सौम्य आवाजात खुलासा केला. भाऊसाहेबांच्या गुडघ्यांना धूळ लागली होती, ती झटकत ते म्हणाले, ‘सावधगिरी केव्हाही चांगली.’ मग पाचाच्या आत निघायला हवं असं ठरलं. याद्यांचा कागद टेबलावरच राहिला.

बाबा तीन दिवस पोस्टमनची वाट बघत होते. ‘येतील,’ ते म्हणायचे. ‘निर्धार दिसला की माणूस विचार करतो. नोकरीची अट मागे घेतील, बघ तू. नावाचंही कदाचित.’ चौथ्या दिवशी रेडिओवर बातमी आली की शत्रूने शस्त्रं खाली ठेवली. वसाहतीत पेढे वाटले गेले, काळे कागद टराटरा फाडले गेले, कुलकर्णीकाकांनी भर रस्त्यात बाबांना मिठी मारली. बाबा घरी आले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. ‘सुमे,’ ते ताईला म्हणाले, ‘बघितलंस? समोरचा खरोखर उभा आहे हे एकदा त्याला दिसलं की...’

‘बाबा, तुम्ही टेबलाखाली होतात,’ ताई म्हणाली.

बाबा आधी ओशाळले आणि मग हसले. हसता हसता खाली बसले. ‘होतो खरा,’ म्हणाले. ‘पण ते येतील गं.’

ताई म्हणाली, ‘ते परत यावेत म्हणून मी उठले नव्हते.’

ते आले नाहीत. ज्या मुलीने आपल्याला टेबलाखाली बघितलं, ती सून म्हणून रोज समोर चहा घेऊन येणार, हे भाऊसाहेबांना झेपणारं नव्हतं, असं आईचं म्हणणं. बाबांच्या सिद्धांतात ही जागा कोरी होती. समोरच्याला तुमचा निर्धार दिसला तर तो मागे हटतो, हे खरं. पण कधी कधी तो हटत हटत कायमचाच निघून जातो, आणि त्याच्याबरोबर असं कुणीतरी जातं ज्याला तुम्ही शत्रू समजतच नव्हता.

पुढचं मला माझ्या लग्नानंतर कळलं. मला बघायला बदलापूरची माणसं आली ती बसायच्या आधीच म्हणाली, ‘आमची काही अट नाही.’ माझे होणारे सासरे पोहे खाता खाता तीन वेळा म्हणाले, ‘नोकरी करायची तर अवश्य करावी. नाव आहे तेच छान आहे. हॉल तुमचा.’ बाबा हळूहळू ताठ बसायला लागले. मला वाटलं, किती सुधारलेली माणसं. लग्नानंतर नवऱ्याने हसत हसत खरं सांगितलं. भाऊसाहेबांनी आपली लाज झाकायला कल्याणभर सांगितलं होतं की भोंगा नव्हे, खरा सायरन झाला होता, विमानं डोक्यावर होती, आणि ती मुलगी शांतपणे चपला घालून कारखान्यात कामावर गेली. असली बाई घरात आणायची म्हणजे काय, तुम्हीच सांगा. गोष्ट डोंबिवलीपर्यंत गेली, बदलापूरला आली, येताना तिला दोन बॉम्बही लागले. ‘तिचीच धाकटी बहीण म्हटल्यावर,’ नवरा म्हणाला, ‘आमचे अण्णा आदल्या रात्री झोपले नाहीत.’

म्हणजे बाबांचं खरं होतं. तोफ कुणी मोजली नाही. फक्त वाटणं पुरलं, तेही दुसऱ्याच्या बढाईतून आलेलं. माझी नोकरी, माझं नाव, माझ्या घरातला माझा शब्द, हे सगळं मला आयतं मिळालं, एकही लढाई न करता. ताईच्या दारात मात्र त्यानंतर फारसं कुणी आलं नाही. धाकाला माणूस ओळखता येत नाही. तो अटी घालणाऱ्यांना लांब ठेवतो तसा न घालणाऱ्यांनाही ठेवतो. ताई ड्रॉइंग ऑफिसातच मोठी होत गेली आणि तिथली प्रमुख म्हणून निवृत्त झाली. आईबाबांना तिनेच शेवटपर्यंत बघितलं. नंतर माझा नवरा गेला आणि ती माझ्याकडे राहायला आली. अकरा वर्षं आम्ही दोघी इथे होतो. संध्याकाळी गॅलरीत चहा घ्यायचो आणि ती टीव्हीवरच्या आरडाओरडा करणाऱ्या लोकांना बघून म्हणायची, ‘ह्यांचे पाय दाखवा म्हणावं जरा.’

एक गोष्ट मी अजून लिहिली नाही. त्या रविवारी पाहुणे निघाले तेव्हा मी फाटकापर्यंत गेले होते. भाऊसाहेब पुढे गेले. अरविंद मागे रेंगाळला. त्याच्या शर्टाच्या बाहीला चिवडा लागला होता. तो मला म्हणाला, ‘तुमच्या ताईंना सांगाल का? मला नोकरीचं काही नव्हतं. नावाचंही नाही. मी येत्या रविवारी एकटा येऊ का, एवढं विचारा. दोन ओळी टाकल्या तरी चालेल.’

मी हो म्हटलं, आणि ताईला सांगितलं नाही. मला वाटलं, ती आत्ता कुठे ताठ उभी राहिली आहे, निरोप ऐकला तर विरघळेल. आणि मग त्यांना काय वाटेल? बाबांचा सिद्धांत घरात सगळ्यात कडकपणे पाळला तो मी. पुढचा रविवार आला आणि गेला. दोन ओळी न आल्यामुळे तो आला नसावा. वर्षभराने त्याचं लग्न झाल्याचं कळलं. मग माझं ठरलं, मग मुलं झाली, मग सांगण्यात काय अर्थ, असं वाटत गेलं. अकरा वर्षं रोज संध्याकाळी ती माझ्यासमोर बसायची, तेव्हाही सांगता आलं असतं.

ताईला जाऊन पाच महिने झाले. तो निरोप माझ्याजवळ आहे.